एकाच विमानाची दोन भाडी

काश्मीरला जाऊन आलो म्हटलं की ठाण्यातली माणसं पहिल्यांदा विचारतात, "शिकाऱ्यात बसलात का?" नाही बसलो. शाल आणली नाही, केशर आणलं नाही, आणि ऐन थंडीत गेल्यामुळे फुलाची एक पाकळीसुद्धा पाहिली नाही. मी गेलो होतो हिशेब करायला. तरीही आमच्या आळीतून जी दोन-तीन कुटुंबं काश्मीर पाहून आली, त्यांच्यापेक्षा माझा प्रवास सरस झाला असं मी छातीठोकपणे सांगतो. त्यांनी बाग पाहिली आणि फोटो काढले. मी काय पाहिलं ते खाली देतो.

ठाणे

मी लष्कराच्या हिशेब खात्यात आहे. हे खातं म्हणजे काय, असं पुष्कळजण विचारतात. सैनिक गोळी झाडतो आणि आम्ही ती गोळी कोणाच्या खर्ची टाकायची ते ठरवतो, एवढं सांगितलं की पुढचे प्रश्न बंद होतात.

थंडीत बनिहालचा घाट बर्फानं बंद पडतो. मग काश्मीरमधल्या पलटणींच्या माणसांना रजेवर खाली यायचं तर विमानाशिवाय वाट नाही. विमानं दोन तऱ्हेची. एक हवाई दलाचं, ते पीठ, डाळ, रॉकेल घेऊन वर जातं आणि परतताना रिकामं असतं, म्हणून माणसं भरून आणतं. दुसरं खाजगी कंपनीचं, ते ठरल्या दिवशी ठरल्या वेळी जातं आणि तिकिटाचे पैसे रोख मोजून घेतं. मौज अशी की दोन्ही विमानं एकच. दुसरं महायुद्ध संपल्यावर लष्करानं मोडीत काढलेले डकोटा कंपन्यांनी विकत घेतले, बाहेरून रंग दिला, आत गाद्यांच्या खुर्च्या बसवल्या, झालं प्रवासी विमान.

आमच्या साहेबांपुढे प्रश्न आला की माणूस खाली आणायला स्वस्त कोणतं. दोन हिशेबनिसांनी दोन उत्तरं काढली. एकानं हवाई दलाच्या विमानाचं पेट्रोल, वैमानिकाचा पगार, दुरुस्ती, सगळं माणसांच्या डोक्यावर वाटलं आणि म्हणाला, कंपनी स्वस्त. दुसरा म्हणाला, विमान परत यायचंच आहे, पेट्रोल जळायचंच आहे, तेव्हा माणूस फुकट येतो. दोघांचीही बेरीज बरोबर होती. मी दोन्ही कागद साहेबांपुढे ठेवले आणि म्हटलं, "कागदावर भांडत बसलो तर निवृत्त होईपर्यंत पुरेल. मला कंपनीच्या विमानानं वर जाऊ द्या आणि हवाई दलाच्या विमानानं खाली येऊ द्या. कुठलं महाग ते डोळ्यांनी बघून सांगतो."

साहेबांनी चष्मा काढला. "गुप्ते, तुम्हाला काश्मीर बघायचंय."

"या दिवसांत कोण बघतं, साहेब?"

त्यांनी सही केली.

घरी सौभाग्यवतींना सांगितलं तेव्हा त्यांनी विमान पडेल का वगैरे काही विचारलं नाही. त्यांचा पहिला प्रश्न जेवणाचा. "अहो, तिकडे मासळीचं काय?"

"अगं, मोठमोठी तळी आहेत तिकडे. ठाण्याच्या तलावपाळीसारखी पन्नास मावतील."

"गोड्या पाण्यातला मासा म्हणजे काय मासा?" असं म्हणून तिनं सोड्यांचा डबा भरला. कोलंबी सोलून कडक उन्हात वाळवली की तिचे सोडे होतात, आणि आमच्या घरात त्यावाचून पान हलत नाही. झाकण घट्ट बसावं म्हणून तिनं वरून गुद्दा मारला. तो गुद्दा मला पुढे फार महागात पडला.

सांताक्रूझहून वर

विमानतळावर माणसाला सामानासकट वजनकाट्यावर उभं करतात. बाजारपेठेत गुळाची ढेप जोखतात तसंच. मी काट्यावर उभा असताना मागचे एक पंजाबी शेठ माझं वजन मोठ्यानं वाचू लागले. मी उतरलो, ते चढले, आणि मग त्यांनी वाचन बंद केलं.

आत गाद्यांच्या खुर्च्या, खिडकीला पडदे, पायाशी जाजम. निळ्या साडीतली एक मुलगी बशीतून पेपरमिंट आणि कापसाचे बोळे घेऊन आली. पेपरमिंट तोंडात आणि बोळे कानात घालायचे, याच्या उलट केलेला एक म्हातारा माझ्या डोळ्यांदेखत होता, पण ते सोडा. विमान वर चढलं, खालची मिठागरं आरशाच्या तुकड्यांसारखी चकाकली. तेवढ्यात माझ्या डोक्यावरच्या सामानाच्या जाळीतून टप्पकन आवाज झाला.

शास्त्र नंतर मला एका वैमानिकानं समजावलं. वर हवा विरळ होते. डब्यातली हवा मात्र ठाण्याची, दाट, आणि सौभाग्यवतींच्या गुद्द्यानं कोंडलेली. ती फुगली आणि झाकण उडालं. अर्ध्या मिनिटात अख्ख्या विमानात सोड्यांचा वास भरला. पंजाबी शेठनी रुमाल नाकाला लावला. निळ्या साडीतली मुलगी एकेका खुर्चीपाशी वाकून हुंगत माझ्यापर्यंत आली आणि अतिशय अदबीनं म्हणाली, "साहब, आपका कुछ खराब हो गया है."

"खराब नाही हुआ," मी म्हटलं, "ऐसाच होता है."

तिनं डबा उचलून विमानाच्या शेपटीकडे नेऊन ठेवला. पुढे अहमदाबाद, जयपूर, दिल्ली असे मुक्काम करत आणि दिल्लीला विमान बदलून मी निघालो, तेव्हा प्रत्येक ठिकाणी तो डबा हातात घेऊन मी शेवटचा उतरत होतो. पण कंपनीच्या बाजूनं एक गोष्ट लिहायलाच हवी. ज्या वेळी पोचवतो म्हणाले, त्या वेळी त्यांनी मला श्रीनगरला पोचवलं. आणि माझ्या आजूबाजूला निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

श्रीनगर

थंडीविषयी लिहिण्यात अर्थ नाही. ठाण्याच्या माणसानं कानटोपी घातली की त्याला हिवाळा कळला असं वाटतं. तिथे पाणी घागरीत घागरीच्या आकाराचं होऊन बसतं. तिथले लोक अंगरख्याच्या आत, पोटाशी, निखाऱ्यांची बुट्टी धरून हिंडतात. आपल्याकडे कोणी पोटाशी विस्तव धरला तर शेजारी पाण्याची बादली घेऊन धावतील. तिथे बुट्टी सांभाळत माणूस गप्पा मारतो, दुकानात घासाघीस करतो, मूल कडेवर घेतो. चहा गुलाबी रंगाचा आणि चक्क मीठ घातलेला. पहिला घोट कसाबसा गिळला. तिसऱ्या दिवशी दुसरा पेला मागितला.

मला उतरवलं ते खाली जाणाऱ्यांच्या छावणीत. लाकडी बराकी, मध्ये पत्र्याची शेगडी, आणि कडेनं आपापल्या वळकट्यांवर बसलेली रजेवरची माणसं. गढवाली होते, शीख होते, मद्रासकडचे होते. सगळे एकाच कामात गुंतलेले, आकाशाकडे बघण्याच्या. हवाई दलाचं विमान कधी येईल याला वेळापत्रक नव्हतं. आभाळ मोकळं असलं तर येणार, वर पाठवायचा माल तयार असला तर येणार, दुसरीकडे निकड नसली तर येणार.

छावणीवर एक कॅप्टन होते, दक्षिणेकडचे, फार सभ्य. मला म्हणाले, "तुम्ही कामावरचे अधिकारी, पहिल्या विमानात तुमची जागा." मी म्हटलं, मला रांगेत धरा. मी सर्वांच्या पुढे जाऊन बसलो तर हिशेब माझा होईल, शिपायाचा होणार नाही. त्यांना वाटलं मी थट्टा करतोय. मी आमच्या खात्यात कधी थट्टा केलेली नाही.

त्या संध्याकाळी मी लंगरच्या, म्हणजे लष्करी स्वयंपाकघरातल्या, आचाऱ्याला बाबापुता करून कढई मागितली. कांदा होता, बटाटा होता. सोडे तेलावर पडले, वास उठला, आणि बराकीच्या दारात कोणीतरी उभं राहिलं. उंच, काळासावळा, भरघोस मिशांचा हवालदार. तो आत यायला तयार नव्हता आणि जायलाही तयार नव्हता.

"साहेब," तो शेवटी म्हणाला, "सोडं हायत ना?"

इतक्या दूर, त्या बर्फात, ते बोलणं कानावर पडलं आणि मी पळी हातात धरून तसाच उठलो. "कुठले तुम्ही?"

"आमी डोंबोलीचं. खारीकडचं. तुमी?" डोंबोली म्हणजे डोंबिवली आणि खारी म्हणजे आमची खाडी.

"ठाण्याचा."

"मंग तं घरचंच," असं म्हणून तो शेगडीपाशी बसला आणि माझ्या हातातली पळी काढून घेतली. "असं नाय, साहेब. आदी सोडं भाजाचं, मंग तेल." त्याचं म्हणणं चूक होतं, आमच्या घरी असं करत नाहीत, आणि मी त्याला तसं सांगितलं. आम्ही दोघांनी अर्धी अर्धी कढई आपापल्या पद्धतीनं केली. सगळी बराक नाक धरून दुसऱ्या टोकाला जाऊन बसली होती.

हवालदार भोईर. बायको देवाघरी गेलेली, मूलबाळ नाही. एक धाकटी विधवा बहीण आणि तिची मुलगी मंजुळा, एवढाच त्याचा संसार, आणि तो त्याच्याच पगारावर चाललेला. मंजुळेचं लग्न ठरलं होतं म्हणून तो रजेवर निघाला होता.

"आमच्यात नवरीला मामानं उचलून मांडवान न्यायची," त्यानं सांगितलं. "मामा आला नाय तं नवरी घरान बसून ऱ्हाते."

"दुसरं कोणी नाही उचलायला?"

"दुसरा मामा कुठून आनू, साहेब?"

लग्नाला अजून अवकाश होता, तेव्हा मी त्याला म्हटलं, पोचाल आरामात. तो कढई खरवडत राहिला. त्याचा जीव का लागत नव्हता ते मला दोन दिवसांनी समजलं. त्याची रजा थोडक्या दिवसांची, किरकोळ रजा. ही रजा मोजायला सुरुवात होते ती शिपाई पलटणीतून निघाला त्या दिवसापासून. छावणीत आभाळाकडे बघत बसलेला दिवस, तोही रजेचा. मी आलो तेव्हाच त्याचे चार दिवस तिथे बसून संपले होते.

"म्हणजे तुम्ही सध्या रजा उपभोगताय?" मी विचारलं.

"हां. मजेत हाय," भोईर म्हणाला, आणि मोज्याला ठिगळ लावत राहिला.

दुसऱ्या दिवशी आभाळ निवळलं, ऊन पडलं, डोंगर इतके जवळ आले की हात लावावा. घरघर ऐकून सगळी बराक बाहेर धावली. विमान कंपनीचं होतं. ते उतरलं, चारदोन व्यापारी आणि एक मडमीण उतरली, तेवढीच माणसं चढली, आणि आमच्या डोक्यावरून ते परत गेलं. मी त्यातूनच आलो होतो. आत किती गाद्या मोकळ्या असतील हे मला न बघता दिसत होतं. हवाई दलाचं विमान त्या दिवशी आलं नाही. वर पाठवायचं पीठ खाली तयार नव्हतं, असं कळलं.

मी तडक कॅप्टनकडे गेलो. आमचं बोलणं इंग्रजीत झालं, ते मराठीत देतो.

"त्या विमानात या माणसांना का बसवत नाही?"

"तिकीट रोखीनं घ्यावं लागतं. खर्च दाखवावा लागतो."

"आणि इथे बसवून ठेवण्याचा खर्च?"

"थांबण्याला काही खर्च नाही, मिस्टर गुप्ते," ते म्हणाले. "थांबणं फुकट आहे."

ते वाईट माणूस नव्हते. त्यांच्या टेबलावर जे कागद येत, त्यांत थांबण्याला रकानाच नव्हता. पण माझं डोकं फिरलं ते फिरलं. "कॅप्टनसाहेब," मी म्हटलं, "मी वीस वर्षं हिशेब करतोय. फुकट असं काही नसतं. ते कोणाच्या तरी नावावर पडलेलं असतं, एवढंच. हे थांबणं त्या हवालदाराच्या भाचीच्या लग्नावर पडलंय." त्यांनी मला बसायला सांगितलं आणि मीठ घातलेला चहा मागवला. तो मी प्यालो, राग तसाच ठेवून.

त्या दिवशी मला आमच्या दोन्ही हिशेबनिसांची चूक सापडली. दोघांनी माणूस विमानात बसल्यापासून पुढचं मोजलं होतं. बसण्याच्या आधीचे दिवस सरकारच्या खर्चात नव्हते, कारण ते शिपायाच्या रजेतून कापून घेतले जात होते. मग हवाई दलाचं विमान स्वस्त दिसेल नाही तर काय होईल? त्याचं अर्धं भाडं भोईर भरत होता.

डकोटा

विमान आलं ते आणखी दोन दिवसांनी. भोईरनं आधीच घरी तार केली होती, येतो म्हणून, आणि आता लग्नाला इतके थोडे दिवस राहिले होते की तो बोटांवर मोजायचंही टाळत होता. रांगेत आमचे नंबर पाठोपाठ लागले.

आत गाद्या नाहीत, पडदे नाहीत. दोन्ही भिंतींना पत्र्याची लांब बाकं, आणि बसायची जागा खोलगट केलेली, प्रत्येकाच्या बुडाला एकेक वाटी. मधल्या जमिनीवर पिठाचा सडा. वैमानिक एक तरुण सरदारजी. दारातून डोकावून म्हणाला, "कानात कापूस नाही, बोटं घाला." थंडी अशी की पत्र्याला हात चिकटत होता. पण एक सांगतो, कंपनीच्या गादीवर मी अंग चोरून बसलो होतो, इथे पिठाच्या सड्यात पाय पसरून निवांत बसलो. समोर गढवाली पोरं गात होती, कदाचित त्यानं असेल.

पीर पंजालवरून जाताना सरदारजीनं मला पुढे बोलावलं. सूर्य त्या बर्फावर पडला होता आणि खाली कुठेही माणसाचं नाव नव्हतं. मी आयुष्यात एवढं मोठं काही पाहिलेलं नाही. डोळ्यांना पाणी आलं, ते थंडीचं होतं असं मी सरदारजीला सांगितलं. मी भोईरला हाक मारली, "या, बघा." त्यानं मान हलवली. तो खिडकीपाशी बसून ढगांकडे बघत होता.

त्याची शंका खरी ठरली. खाली दिल्लीच्या वाटेवर ढग गच्च होते, आणि विमान पठाणकोटला उतरवलं. सरदारजी म्हणाला, उद्या बघू, नाहीतर परवा. भोईरनं वळकटी खांद्यावर टाकली आणि सरळ रेल्वे स्टेशनची वाट धरली. मी माझा सोड्यांचा रिकामा डबा आणि बॅग उचलून त्याच्या मागे.

"तुमी थांबा, साहेब. तुमचं इमान हाय."

"माझं विमान इथे संपलं," मी म्हटलं. "माणूस घराच्या उंबऱ्यावर पोचेपर्यंत मी मोजणार आहे."

पठाणकोट ते दिल्ली आणि दिल्ली ते कल्याण हा रेल्वेचा प्रवास मी गाळतो. बसायला जागा नव्हती एवढं सांगून पुरे. इटारसीला पुरी-भाजी चांगली मिळते. भोईरनं ती खाल्ली नाही.

कल्याण

मेल कल्याणला थांबते, डोंबिवलीला नाही. आम्ही उतरलो तेव्हा ऊन वर आलं होतं. ठरल्याप्रमाणे तर लग्न त्याच दिवशी, सकाळीच लागायचं होतं. मला वाटलं संपलं सगळं. आमच्याकडे मुहूर्ताचं पळ चुकलं तर भटजी घड्याळ दाखवून कपाळाला हात लावतात. मी भोईरकडे बघितलंच नाही. तो मात्र टांग्यांच्या रांगेकडे न वळता उलट दिशेनं, बंदराकडे भराभर चालू लागला.

"अहो, टांगा करू!"

"टांगा फिरून जातो. ओटी लागली हाय, साहेब. होडीनं पटकन जातंव."

दुर्गाडी किल्ल्याच्या पायथ्याशी रेतीच्या होड्या लागलेल्या होत्या. एक होडीवाला भोईरला बघून नुसता "अरे, तू?" म्हणाला आणि दोर सोडला. ओहोटीचं पाणी खाली ओढत होतं. दोन्ही काठांना तिवरांची झाडी, चिखलात बगळे, लांब मिठाच्या राशी. हिमालयावरून उडून आलेला मी त्या होडीत बसलो आणि जिवात जीव आला. किती झालं तरी खाडीच्या वासाला तोड नाही. भोईर मात्र वल्ह्याला हात लावून होडीवाल्याला मदत करत होता. मिलिटरी कोट काढून त्यानं घडी करून माझ्या मांडीवर ठेवला होता.

गाव जवळ आलं तसं बायकांचं गाणं ऐकू येऊ लागलं. भोईरनं वल्हं मारायचं थांबवलं आणि कान दिला. "धवलारीण," तो म्हणाला. त्याचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला. "सरला नाय अजून."

मांडवात

भोईरच्या लोकांत लग्न लावते ती धवलारीण. ती म्हातारी बाई एकेक विधी गाण्यातून पुढे नेते, आणि तिचं गाणं जिथे असेल तिथे लग्न असतं. नवरीला बाहेर बोलवायचं गाणं तिनं म्हटलं की मामा नवरीला उचलतो. त्याआधी देवांची नावं, पितरांची नावं, आल्यागेल्या पाहुण्यांची नावं. सकाळपासून ती पाहुण्यांच्या नावांतच होती. देव दोनदा झाले होते. पितर तीनदा झाले होते. वऱ्हाडी कुरकुरायला लागले की ती त्यांच्यातल्या एखाद्याचं नाव गाण्यात घेई, मग तो गप्प बसे. आता गाण्यात विहीर आली होती, आंब्याचं झाड आलं होतं, बैल आले होते. आवाज पार बसला होता, तरी ती थांबत नव्हती, कारण भोईरच्या बहिणीनं तिला तार दाखवून सांगितलं होतं की माझा भाऊ येतोय.

भोईर मांडवात शिरला. बहीण पुढे आली, त्याच्या छातीवर एक बुक्की मारली आणि रडली. "आलास रं दादा."

धवलारणीनं त्याच्याकडे बघितलं. "आलास? आता माजा घसा सोडव," एवढं बोलून तिनं गाण्याची ओळ बदलली.

तो आत गेला आणि मंजुळेला दोन्ही हातांवर उचलून बाहेर आला. पिवळ्या हळदीत भिजलेली, सतरा-अठरा वर्षांची मुलगी, मामाच्या मिशीकडे बघून हसत होती आणि डोळे पुसत होती. त्यानं तिला पाटावर उभी केली तेव्हा मी इतक्या जोरानं अक्षता टाकल्या की पुढच्या म्हाताऱ्यानं मागे वळून बघितलं. मला कोण म्हणून कोणी विचारलं नाही. पान वाढलं, तांदळाची भाकरी, मटण, वर चिंबोरी, म्हणजे खाडीतला खेकडा, घरच्यापेक्षा सरस. सौभाग्यवतींना हे सांगितलेलं नाही.

जेवण झाल्यावर हात धुताना मी भोईरला म्हटलं, "आता चार दिवस आराम करा."

"नाय, साहेब. सांजच्या गारीनं निंगाचा हाय."

मला कळेना. मग त्यानं सांगितलं. थांबण्यात दिवस गेले ते गेले, पठाणकोटहून रेल्वेत गेले ते गेले. आज निघालं तरच रजा संपायच्या आत हजर होता येईल.

"मी तार करतो," मी म्हटलं. "मी त्याच खात्यातला आहे. रजा वाढवून घेणं माझ्या हातचा मळ आहे." आणि तो होताच, उगीच फुशारकी नाही.

"तसा नका करू, साहेब. मी गेलो नाय तं पुढचा रजंवर सुटत नाय. त्याच्या बायकोचं दिवस भरलं हायत."

मी तार केली नाही. मी एवढंच केलं की पुढचा अहवाल असा लिहिला की त्याला कोणी खोडू शकलं नाही. थांबण्याचे दिवस शिपायाच्या रजेतून न काढता सरकारच्या खर्चात धरा, मग बघा हवाई दलाची जागा कंपनीच्या तिकिटाहून महाग पडते की नाही. रजा मोजायची ती विमानाची चाकं सुटल्यावर, आणि ठराविक दिवसांत विमान आलं नाही तर कंपनीचं तिकीट काढायचं. साहेबांनी दोनदा वाचलं, चष्मा काढला, आणि म्हणाले, "काश्मीर बघून आलात तर." रजेची गोष्ट पुढच्या हिवाळ्यात मंजूर झाली. तिकिटाच्या गोष्टीसाठी मी अजून भांडतोय आणि ती मी मिळवणार आहे.

पण त्या दिवशी यातलं काहीच झालेलं नव्हतं. ऊन कललं. नवरीची बैलगाडी जुंपली, वऱ्हाड निघायच्या तयारीत. सवाशिणींनी मंजुळेची ओटी भरली आणि बायकांनी रडायला तोंड उघडलं, तेवढ्यात मंजुळा गाडीतून खाली उतरली. नवऱ्याकडची माणसं बघत राहिली. ती मामाच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. त्यानं कोट चढवला होता आणि वळकटी खांद्यावर होती.

"मामाला आदी वाटंला लावा," ती आईला म्हणाली. "माजा सासर खाडीपलीकडं हाय. त्याला लय लांब जायाचा हाय."

तिनं आपल्या ओटीतला नारळ काढून त्याच्या झोळीत घातला. आईनं फडक्यात भाकऱ्या बांधून दिल्या. मुलीनं त्याच्या कपाळाला आपल्या हातानं कुंकू लावलं, आणि तो मोठा माणूस खाली मान घालून उभा राहिला.

तेव्हा धवलारीण उठली. आवाज उरला नव्हता, होता तेवढा काढून तिनं लेक सासरी निघताना म्हणतात ते गाणं धरलं, आणि मंजुळेच्या नावाच्या जागी त्या मिशावाल्या हवालदाराचं नाव घातलं. मांडवातलं कोणी हसलं नाही.